दुसरा काटा कोणाच्या हाती?

गळीत हंगाम ऐन भरात असताना भवानीनगरला कार्यकर्त्यांच्या एका बैठकीत बसण्याचा योग आला. बाहेर रस्त्यावर उसाने लादलेल्या ट्रॉल्यांची रांग होती. चर्चा नेहमीचीच होती : उसाचा दर, तोडणी-वाहतुकीची कपात, थकलेली बिले आणि वजन. एवढ्यात एक वयोवृद्ध शेतकरी साथी उठून म्हणाले, "हिंगोलीकडं सरकार अडीच-तीन हजार कोटी घालून आभाळातल्या लहरी मोजायचं यंत्र बांधतंय म्हणं. आधी आमचा ऊस नीट मोजा म्हणावं, मग आभाळ मोजा!" बैठकीत हशा पिकला आणि विषय पुढे सरकला.

मला मात्र ते वाक्य सोडवेना. त्यात गरिबाचा रास्त संताप होता आणि एक गैरसमजही होता. संताप दूर सारून गैरसमज तेवढा दुरुस्त करणे हे पढिकांचे काम झाले. आपल्या चळवळीचे काम त्याहून अवघड आहे. ऊस मोजणे आणि आभाळ मोजणे हे दोन प्रश्न वस्तुतः एकच आहेत, असे माझे म्हणणे आहे. मोजणाऱ्यावर विश्वास का आणि केव्हा ठेवावा, हाच तो प्रश्न होय.

प्रथम आभाळाचे पाहू. अवजड वस्तूंच्या वेगवान हालचालींमुळे अवकाशालाच लहरी येतात आणि त्या प्रकाशाच्या वेगाने पसरतात, असे आइन्स्टाइन यांनी १९१६ साली मांडले. पुढे त्यांनाच शंका आली. अशा लहरी नसतातच, असे प्रतिपादन करणारा लेख त्यांनी १९३६ साली एका सहकाऱ्यासह एका नियतकालिकाकडे पाठवला. संपादकांनी तो दुसऱ्या तज्ज्ञाकडे तपासणीला दिला आणि त्या तज्ज्ञाने त्यातील चूक दाखवली. आइन्स्टाइन रागावले, त्यांनी लेख परत घेतला. परंतु पुढच्या वर्षी तो अन्यत्र छापून आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. आइन्स्टाइन यांचा शब्दसुद्धा तपासल्यावाचून चालत नाही, ही शास्त्राची रीत आहे.

लहरी आहेत असे गणिताने ठरले तरी त्या मोजायच्या कशा? गुरुत्वीय लहर येते तेव्हा ती एका दिशेचे अंतर किंचित ताणते आणि तिला काटकोनात असलेल्या दिशेचे अंतर किंचित आखडते. म्हणून अमेरिकेतील 'लायगो' वेधशाळेत चार-चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू काटकोनात बांधले आहेत. हे बाहू म्हणजे हवा काढून टाकलेल्या नळ्या होत. लेसरचा एक किरण दुभागून दोन्ही नळ्यांत सोडतात. टोकाला ४० किलो वजनाचे आरसे काचेच्याच बारीक तंतूंना लंबकासारखे टांगलेले असतात. त्यांवरून परतलेले दोन्ही किरण पुन्हा एकत्र आणले जातात. बाहूंच्या लांबीत तिळमात्र फरक पडला, तर त्या दोन किरणांच्या मेळातून मिळणारा उजेड बदलतो. तिळमात्र हा शब्दही येथे फार मोठा आहे. पहिली लहर सापडली तेव्हा चार किलोमीटरांत पडलेला फरक एका प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या हिश्श्याएवढा होता.

इतक्या नाजूक काट्यावर जगातील प्रत्येक गोष्ट आपला भार टाकते. दूरच्या समुद्राच्या लाटा, रस्त्यावरून जाणारा ट्रक, वारा, भूकंप, आरशातील अणूंची थरथर, एवढेच नव्हे तर लेसरच्या प्रकाशाची स्वतःची चंचलता, या साऱ्यांनी काटा हलतो. खरी अडचण ही की, काटा सतत हलतोच आहे. त्यातली कोणती हालचाल आभाळातून आली आणि कोणती रस्त्यावरून, हे कोणी आणि कसे ठरवायचे?

या प्रश्नावर एक माणूस पूर्वी अडखळला होता. अमेरिकेतील जोसेफ वेबर यांनी ॲल्युमिनियमची मोठी दंडगोले टांगून १९६० च्या दशकात हा शोध सुरू केला आणि लहरी सापडल्याचे १९६९ साली जाहीर केले. वेबर लबाड नव्हते. त्यांनी दूरदूर ठेवलेली दोन यंत्रे वापरली होती आणि दोन्हींवर एकाच वेळी ठोका पडला तरच ते मोजत. परंतु दोन्ही काटे त्यांचेच होते, वाचणारेही तेच. इतर देशांतील शास्त्रज्ञांनी आपापली यंत्रे उभारली, तेव्हा त्यांवर काहीच उमटले नाही. वेबर अखेरपर्यंत आपल्या म्हणण्याला चिकटून राहिले. शास्त्र पुढे गेले. दुसरा काटा असून भागत नाही, तो दुसऱ्याच्या हाती असावा लागतो, हा धडा मात्र त्यांच्या श्रमांतूनच मिळाला.

लायगोची सारी रचना या धड्यावर उभी आहे. तिचे दोन काटे एकमेकांपासून सुमारे तीन हजार किलोमीटरांवर आहेत, एक लुइझियानात आणि दुसरा वॉशिंग्टन राज्यात. एका ठिकाणचा ट्रक दुसऱ्या ठिकाणचा आरसा हलवू शकत नाही. प्रकाशाला हे अंतर कापायला दहा मिलिसेकंद लागतात, म्हणून दोन्ही ठिकाणची नोंद तेवढ्या अवधीत आणि सारख्याच आकाराची आली तरच ती विचारात घेतली जाते. ठाऊक असलेले वजन ठेवून काटा तपासावा, तसे येथे दुसऱ्या एका लहान लेसरचा ठाऊक असलेला दाब आरशावर देऊन यंत्र तो नेमका किती दाखवते हे पाहतात.

गोंगाटातून खूण ओळखण्याची युक्तीही समजण्यासारखी आहे. बाजाराच्या कलकलाटातही भवानीनगरच्या माणसाला कारखान्याचा भोंगा कळतो, कारण त्याचा सूर त्याच्या कानात आधीच बसलेला असतो. त्याचप्रमाणे दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत एकरूप होताना लहरींचा सूर कसा चढत जाईल, हे आधी गणिताने काढून ठेवायचे, अशा हजारो संभाव्य सुरांचा संग्रह करायचा आणि आलेली नोंद त्यांपैकी कोणाशी जुळते का ते पाहायचे. या पद्धतीच्या पायाभरणीचे मोठे काम पुण्यात झाले आहे. संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेला या विषयावरील शोधनिबंध 'आयुका'त लिहिला गेला. लहर सापडायला तेव्हा अजून चोवीस वर्षे अवकाश होता आणि ती सापडेल याची हमी कोणी देत नव्हते.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी आपल्याकडे दुपारचे ३ वाजून २० मिनिटे झाली असताना ती आली. प्रथम लुइझियानात आणि सात मिलिसेकंदांनी वॉशिंग्टनमध्ये. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर, सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एक झाली होती. उरले ते ६२ पट. तीन सूर्यांएवढे वस्तुमान लहरींच्या रूपाने विश्वात विखुरले होते. आपल्या काट्यावर ही सारी घटना सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात आटोपली.

तरीही जाहीर घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ रोजी झाली. मधले पाच महिने शास्त्रज्ञ स्वतःवरच संशय घेत होते. एका काट्याची नोंद वेळेत मुद्दाम पुढेमागे सरकवून दुसऱ्याशी जुळवली, तर जे जुळेल ते निव्वळ योगायोगाने जुळेल, हे उघड आहे. असे पुनःपुन्हा करून त्यांनी योगायोगाचाच हिशेब मांडला. गोंगाटातून अशी खूण आपोआप उमटायला दोन लाख वर्षांहून अधिक काळ लागेल, असे निघाले, तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडले.

याहून मोलाची गोष्ट त्याआधीची आहे. लायगोच्या कारभारात मोजक्या माणसांना एक अधिकार दिलेला होता : कोणालाही न सांगता आरसे हलवून खोटी लहर यंत्रात सोडायची आणि बाकीचे शेकडो शास्त्रज्ञ ती कशी हाताळतात ते पाहायचे. १६ सप्टेंबर २०१० रोजी एक स्पष्ट खूण दिसली. सहा महिने लोक राबले, शोधनिबंधाचा मसुदा सिद्ध झाला. मार्च २०११ मध्ये सर्वांसमक्ष लिफाफा उघडण्यात आला आणि खूण मुद्दाम पेरलेली असल्याचे कळले. कोणी रुसले नाही. सर्वांनी हे आधीच मान्य केले होते. २०१५ ची खूण आली तेव्हा म्हणूनच पहिला प्रश्न विचारला गेला तो हा की, ही पेरलेली तर नव्हे ना? साथींनो, सत्तेच्या कोणत्या कचेरीत असा लिफाफा ठेवलेला असतो? आपला हिशेब अचूक आहे की नाही हे पाहण्यासाठी आपल्यालाच फसवण्याचा हक्क दुसऱ्याला देणारी संस्था आपण किती पाहिल्या?

आणखी एक गोष्ट. २००२ ते २०१० या काळात लायगोच्या पहिल्या यंत्रांनी अनेक वेळा आकाश न्याहाळले आणि त्यांना एकही लहर सापडली नाही. त्या शास्त्रज्ञांनी कोरी पावती कोरी म्हणूनच प्रसिद्ध केली. पैसा सार्वजनिक होता, टीका होत होती, तरी आकडा फुगवला नाही.

एवढे करूनही दोन काटे एकाच घरचे आहेत, हा आक्षेप उरतो. त्याचे उत्तर २०१७ च्या ऑगस्टमध्ये मिळाले. १४ तारखेला इटलीतील 'व्हर्गो' या युरोपीय वेधशाळेने लायगोच्या जोडीने लहर नोंदवली. १७ तारखेला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मिलनाची लहर आली आणि पावणेदोन सेकंदांच्या आत एका उपग्रहाने गॅमा किरणांचा झोत टिपला. तिसऱ्या काट्यामुळे आकाशातील जागा सुमारे ३० चौरस अंशांपर्यंत आखडता आली, दुर्बिणी तिकडे वळल्या आणि १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेत तो उजेड साऱ्या जगाने पाहिला. वेगळे यंत्र, वेगळे तत्त्व, वेगळी माणसे आणि साक्ष एकच. प्रामाणिक मापनाची याहून पक्की खूण नाही.

आपल्या पुणे जिल्ह्यातही असा एक काटा आहे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. स्पंदक तारे घड्याळासारखे नियमित ठोके देतात. वर्षानुवर्षांच्या कालावधीची एखादी प्रचंड लहर मधून गेली, तर अनेक ताऱ्यांच्या ठोक्यांत विशिष्ट मेळाने सूक्ष्म फरक पडतो. खोडदच्या नोंदी आणि युरोपातील दुर्बिणींच्या नोंदी एकत्र करून २९ जून २०२३ रोजी अशा लहरींचा पुरावा प्रसिद्ध करण्यात आला. त्याच दिवशी अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीन येथील गटांनीही आपापले निष्कर्ष मांडले. लक्षात घ्या, 'पुरावा' म्हटले, 'शोध' म्हटले नाही. कारण ठरलेल्या कसोटीला तो अजून पुरता उतरला नव्हता. शब्द तोलून वापरणे हाही मापनाचाच भाग आहे.

या मालिकेत आता हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येते. लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः मान्यता फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळाली. २,६०० कोटींची अंतिम मंजुरी मिळायला ६ एप्रिल २०२३ उजाडले. २०३० पर्यंत काम पूर्ण करण्याचे उद्दिष्ट ठरले आहे. इतर वेधशाळांपासून हा काटा फार दूर असल्यामुळे लहर नेमकी कोठून आली हे कितीतरी अधिक अचूकपणे सांगता येईल. येथेही दुसऱ्या काट्यावर सत्तेची नजर असतेच. २०२५ साली अमेरिकी सरकारने पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी केलेल्या प्रस्तावात लायगोचा खर्च मोठ्या प्रमाणावर कापून दोनपैकी एकच शोधक चालवण्याची सूचना होती. काटकसरीच्या नावाखाली पहिला घाव पडताळणीवर पडतो. हे आपण गावच्या ग्रामसभेपासून देशाच्या संसदेपर्यंत पाहतो आहोत.

आता त्या शेतकरी साथींच्या उसाकडे वळू. २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरला. म्हणजे वीस टनांच्या खेपेत काटा एका टक्क्याने जरी कमी बोलला, तरी दोनशे किलो ऊस आणि ७१० रुपये गेले. उतारा एक दशांश टक्क्याने वर सरकला तर क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे वाढतात, म्हणजे शंभर टनांना ३,४६० रुपये. वजन काटा सांगतो, उतारा प्रयोगशाळा सांगते; दोन्ही कारखान्याच्याच हाती असतात. मी येथे कोणा एका कारखान्याविषयी बोलत नाही आणि सारे कारखाने लबाड आहेत असेही म्हणत नाही. वेबरही लबाड नव्हते. मोजणारा आणि पैसे देणारा एकच असेल, तर प्रामाणिक माणसाचे मापही संशयातून सुटत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

वैधमापन खात्याचा शिक्का असतो, भरारी पथके असतात. परंतु तपासणीची वार्ता तपासणीच्या आधी पोचत असेल, तर ती तपासणी नव्हे, तो समारंभ होय. लायगोची रीत येथे लावून पाहा. वजन आधीच ठाऊक असलेली खेप, कोणती ते काटेवाल्याला न कळवता, रांगेत मिसळून पाठवावी. शेतकऱ्यांच्या स्वतःच्या संस्थेचा दुसरा काटा रस्त्यावर असावा आणि त्याची पावती ग्राह्य धरली जावी. उताऱ्याचा नमुना दोन भागांत करून एक भाग त्रयस्थ प्रयोगशाळेकडे जावा. प्रत्येक खेपेची नोंद सर्वांना पाहता येईल अशी खुली असावी. यात क्रांतिकारक असे काही नाही. नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्यांनी स्वतःवर लादून घेतलेली ही साधी शिस्त आहे. शास्त्रज्ञाला या शिस्तीत अपमान वाटत नाही, तर संचालक मंडळाला का वाटावा?

शेतकरी साथींना आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. त्याच काट्यावर ऊसतोड मजुराची मजुरीही ठरते. मराठवाड्यातून बिऱ्हाड घेऊन आलेले कुटुंब टनावर राबते. वजन मारले गेले तर त्याचे श्रमही मारले जातात. दुसरा काटा उभा राहील तेव्हा तो पाहण्याचा हक्क त्या मजुराला असेल का? की मालकाच्या पावतीवरच त्याने विश्वास ठेवायचा? पडताळणीचा हक्क आपल्यापाशी येऊन थांबला, तर तो हक्क राहत नाही, तो नवा विशेषाधिकार होतो.

उरला अडीच हजार कोटींचा प्रश्न. १४० कोटी लोकांत वाटले तर २,६०० कोटी म्हणजे माणशी सुमारे एकोणीस रुपये, तेही अनेक वर्षांत मिळून. उसाची बिले या यंत्रामुळे थकलेली नाहीत. ती का थकतात हे आपण सारे जाणतो. गरिबाच्या पोटाआड विज्ञान येते असे म्हणणाऱ्यांनी गरिबाच्या पोटाआड खरोखर कोण येते त्याचा शोध घ्यावा. कष्टकऱ्यांच्या मुलांना विश्वाचे कुतूहल नसते, त्यांना फक्त भाकरी हवी असते, ही अभिजनांची समजूत आहे. ती आपण उचलू नये.

तथापि, पैसा जनतेचा आहे म्हणून जनतेचे काही मागणेही आहे. लायगोच्या नोंदी ठराविक मुदतीनंतर साऱ्या जगासाठी खुल्या होतात. त्या समजून घेण्याची वाट मराठीतून असली पाहिजे. खोडदला राष्ट्रीय विज्ञान दिनी दुर्बिणीचे दरवाजे उघडतात आणि पंचक्रोशीतील शाळांची मुले तेथे जातात. आयुकाच्या आवारात मुलांसाठी 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' चालते. औंढ्याला याहून अधिक व्हावे. हिंगोली, परभणी, नांदेडच्या महाविद्यालयांतील मुलेमुली तेथे पहारेकरी म्हणून नव्हे, तर तंत्रज्ञ आणि संशोधक म्हणून काम करतील अशी तजवीज आजच सुरू झाली पाहिजे. हे यंत्र मराठवाड्यात केवळ ठेवलेले नसावे, ते मराठवाड्याचे झाले पाहिजे.

शेवटी आपल्याकडेही बोट वळवले पाहिजे. मोर्चाला किती लोक आले, सभासद किती नोंदले, संपात किती गिरण्या वा किती गावे उतरली, हे आकडे आपण कसे मोजतो? आपल्या वार्षिक अहवालात कोरी पावती कोरी म्हणून छापण्याचे धैर्य किती वेळा दाखवले? कारखान्याच्या काट्यावर संशय घेणाऱ्या चळवळीने स्वतःचा काटा आधी चव्हाट्यावर मांडावा, तरच तिच्या शब्दाला वजन येईल.

औंढा नागनाथाची एक आख्यायिका वारकऱ्यांना ठाऊक आहे. कीर्तन करणाऱ्या नामदेवांना समोरून हुसकावून देवळाच्या पाठीमागे पाठवले, तेव्हा देऊळच फिरले आणि त्याने हाकललेल्यांकडे तोंड केले, असे सांगतात. देवळे फिरत नाहीत, हे आपण जाणतो. ती फिरवावी लागतात. त्याच औंढ्याला आज नवे देऊळ उभे राहते आहे. त्याचे तोंड कोणाकडे असेल, हे त्याचे आरसे ठरवणार नाहीत. भवानीनगरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने, "आधी आमचा ऊस मोजा", एवढेच न म्हणता, "जसे आभाळ मोजता तसाच आमचा ऊस मोजा", असे म्हटले पाहिजे. ते त्याला म्हणता येईल इतके विज्ञान त्याच्यापर्यंत पोचवणे, हे आपले काम आहे.